सळई सांगते घराचं वय

आजचा भाग पिंप्राळ्यातून सुरू होतो. आषाढीला रथ जातो त्या रस्त्याजवळ एक जुनं घर पाडायला घेतलं होतं. दोघं जण घणाने स्लॅब फोडत होते, तिसरे काका सळया ओढून ढीग लावत होते. मी विचारलं, "काका, घर किती जुनं असेल?" त्यांनी एक सळई उचलली. "पिळाची आहे भो. म्हणजे टीएमटीच्या आधीचं."

झालं, माझं डोकं सुरू! घराचं वय लोखंडावरून कळतं?

कळतं. खानदेशातली जुनी घरं धाब्याची. लाकडी तुळया, वर माती. असं घर पाडलं तर लोखंड निघतं ते खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे. भंगारवाल्याच्या काट्यावर त्याचं वजन ते काय भरणार! तिथे भाव सागवानाला.

१८६०च्या दशकात इकडे रेल्वे आली. मग कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, गोदामं आणि त्यांच्यासोबत लोखंडी गर्डर. सुरुवातीचा माल विलायतेतून यायचा. काही गर्डरवर कंपनीचं नाव उठावदार अक्षरांत असतं, उदाहरणार्थ 'डॉर्मन लाँग'. सिडनीचा प्रसिद्ध हार्बर ब्रिज बांधणारी हीच कंपनी. १९१२ मध्ये टाटांच्या साकची इथल्या, म्हणजे आजच्या जमशेदपूरच्या, कारखान्यात पोलाद तयार व्हायला लागलं आणि गर्डरवर 'टाटा' हे नावही दिसू लागलं.

पुढे आरसीसी आलं. आधी गुळगुळीत गोल सळई. १९६०च्या दशकापासून पिळाची, म्हणजे टोर सळई. पीळ दिल्याने ताकद वाढते आणि काँक्रीट घट्ट धरून ठेवतं. नंतर टीएमटी. सॉफ्टवेअरला व्हर्जन नंबर असतो ना, तसंच हे.

आता पैशांचं गणित. पाडकामात बऱ्याचदा ठेकेदारच मालकाला पैसे देतो, कारण त्याची कमाई मलब्यातल्या लोखंडात, तांब्याच्या तारेत, पितळी नळांत असते. लोखंड वेगळं होतं, गॅस कटरने कापलं जातं आणि भट्टीकडे जातं. आपल्या जवळचं मोठं केंद्र म्हणजे जालना. तिथल्या भट्ट्यांत सुमारे १६०० अंशांवर भंगार वितळतं, त्याचे बिलेट होतात आणि बिलेटची पुन्हा सळई. एक टन भंगार वापरलं की साधारण १.१ टन लोहखनिज आणि ६०० ते ७०० किलो कोकिंग कोळसा वाचतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये खास स्टील स्क्रॅप धोरण आणलं, ते उगाच नाही.

पण सगळी सळई भट्टीत जात नाही. काही ठिकाणी ती हातोड्याने सरळ करून स्वस्तात विकतात आणि ती थेट नव्या घराच्या कॉलममध्ये जाते. हे धोक्याचं आहे. गंजलेली, वाकवून पुन्हा सरळ केलेली सळई कमजोर झालेली असते, तिच्यात बारीक तडे असू शकतात. प्लॅस्टर झालं की कोणाला दिसणार? घर बांधत असाल तर सळई उतरवताना स्वतः उभे राहा.

आणि भट्टीत गेलेल्या लोखंडाचं काय? त्यावरची अक्षरंही वितळतात. २०१९ मध्ये जळगावचा ब्रिटिशकालीन शिवाजीनगर पूल पाडला. अशा किती लोखंडावरची नावं कोणी न वाचताच गेली असतील!

ते काका काही इतिहास शिकलेले नाहीत. हातमोजे नाहीत, पायात साधी चप्पल. पण गल्लीतल्या घरांचं वय आपल्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. तुमच्याकडे जुनं घर पाडत असतील तर दोन गोष्टी करा. गर्डरवरच्या अक्षरांचा फोटो काढा. आणि तिथे घण मारणाऱ्या माणसाला विचारा, "काका, हे कधीचं?"

भेटू पुढच्या भागात!