माकडतापाचा मागोवा : क्यासनूर ते दोडामार्ग

वन्य प्राण्यांमध्ये अचानक उद्भवणाऱ्या आणि कारण न कळणाऱ्या रोगांचा इतिहास पाहिला, तर अशा रोगाची पहिली नोंद प्रयोगशाळेत क्वचितच झालेली आढळते. ती त्या प्राण्यांच्या शेजारी राहणाऱ्या लोकांच्या बोलण्यात झालेली असते. २०११ मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर केस गळालेले आणि कातडीवर व्रण पडलेले सील आढळू लागले, तेव्हा ते आधी तेथील शिकारी समाजांच्या लक्षात आले; पुढे वॉलरसांच्या अंगावरही व्रण दिसले, अनेक विषाणूंसाठी तपासण्या झाल्या, तरी निश्चित कारण हाती लागले नाही. महाराष्ट्राला असा अनुभव नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरल्यानंतरच्या वर्षांत, घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हा रिवाज अनेक ठिकाणी रुळला. त्यामागचे कारण, म्हणजे उंदरांवरील पिसवांचा रोगप्रसाराशी असलेला संबंध, पॉल-लुई सिमों या संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले, परंतु ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. माकडतापाची कथा याच प्रकारची आहे आणि तिचा बराचसा भाग पुण्यात घडला असूनही मराठी वाचकांना तो फारसा परिचित नाही.

१९५७ च्या उन्हाळ्यात तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर नावाच्या राखीव जंगलालगतच्या गावांत तीव्र तापाची साथ पसरली. त्याच सुमारास जंगलात काळ्या तोंडाची वानरे आणि लाल तोंडाची माकडे मरून पडत होती, आणि माणसांचा ताप व माकडांचे मृत्यू एकाच रोगाचे असावेत असे गावकऱ्यांना वाटत होते. ही बातमी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात पोचली, तेव्हा तिथे मोठी चिंता निर्माण झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेले हे केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, डासांसारख्या कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासासाठी उभे राहिले होते. चिंतेचे कारण असे, की दक्षिण अमेरिकेतील जंगलांत माकडे मरू लागली की पीतज्वराची शंका घेतली जाते. हा डासांमार्फत पसरणारा, यकृतावर आघात करणारा रोग आशियात कधीच आलेला नव्हता, आणि तो आला असता तर डासांनी भरलेल्या या देशात त्याने काय केले असते, याची कल्पना त्या शास्त्रज्ञांना होती.

टेलफोर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत माकडांच्या व रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा केला, तेव्हा पीतज्वराची भीती फिटली. मात्र उलगडा झाला तो अधिक चकित करणारा होता. हा विषाणू रशियातील वसंत-ग्रीष्म मेंदूज्वर या रोगाच्या विषाणूंचा नातलग निघाला, म्हणजे गोचिडांमार्फत पसरणाऱ्या, थंड प्रदेशातील जंगलांत आढळणाऱ्या कुळातला. सायबेरियात ओम्स्क परिसरात १९४० च्या दशकात ओळखला गेलेला रक्तस्रावी ज्वरही याच कुळातला असून, त्यात मस्करॅट हा पाणथळीतला कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी, मोठ्या संख्येने मरतो. उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशाचा रोग सह्याद्रीच्या दमट रानात कसा आला, या प्रश्नाने पुढची काही वर्षे व्यापली. हिवाळ्यात सायबेरियातून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांनी गोचिडांसह विषाणू आणला असावा, असा तर्क पुढे आला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून पक्ष्यांच्या पायात वाळी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. या उपक्रमातून भारतीय पक्षिशास्त्राला अमोल माहिती मिळाली. पक्ष्यांवरील आरोप मात्र सिद्ध झाला नाही. रशियन विषाणूची लसही क्यासनूरमध्ये वापरून पाहण्यात आली आणि ती निरुपयोगी ठरली.

उत्तर जवळच, जंगलाच्या काठावर होते. या रोगाचा मुख्य वाहक असलेल्या हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीचे प्रौढ रूप पावसाळ्यात गुराढोरांचे रक्त पिते व जमिनीवर अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्ले आणि पुढच्या अवस्थेतील अर्भके पावसाळ्यानंतर उन्हाळ्यापर्यंत पालापाचोळ्यात बसून राहतात आणि उंदीर, चिचुंद्री, माकड किंवा माणूस, जे अंगाजवळून जाईल त्याला चिकटतात. गुरांना हा रोग होत नाही, पण त्यांच्यामुळे गोचिडींची संख्या वाढते. म्हणून जंगल तोडून चराई वाढली की रोगाला वाट मिळते, हे होर्हे बोशेल यांनी १९६० च्या दशकातच मांडले होते. माकड या साखळीत बळी असते आणि मेल्यावर केंद्रही होते, कारण प्रेत थंड पडताच त्याच्यावरील विषाणूग्रस्त गोचिडी खाली उतरतात व त्याच जागी पसरतात. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात काजूलागवडीसाठी रान साफ केल्यानंतर मोठी साथ आली, तेव्हा बोशेल यांच्या म्हणण्याचा दुर्दैवी पुरावाच मिळाला.

अनेक दशके कर्नाटकातील काही जिल्ह्यांपुरता राहिलेला हा रोग २०१२ नंतर सह्याद्रीत उत्तरेला आणि दक्षिणेला सरकला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, तिलारीच्या खोऱ्यातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसर ग्रासला गेला. येथेही माकडे मरत असल्याचे गावांत आधी बोलले जात होते. काजूचा हंगाम आणि गोचीडअर्भकांचा हंगाम नेमका एकच येतो, हे या भागाचे खरे दुखणे आहे. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत पिकून गळालेली बोंडे झाडाखालच्या पातेऱ्यात पडतात, म्हणजे वाळलेल्या पानांच्या थरात. ती उचलण्यासाठी बागायतदाराच्या घरातील माणसे व मजूर दिवसभर वाकून हाताने पातेरा उसकटतात, बी पिळून काढतात आणि बोंडू बाजूला टाकतात. खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड तेव्हा मनगटावर किंवा पोटरीवर चढते, ती दिसत नाही आणि चावलेलेही कळत नाही. मग आठवड्याभरात डोके फुटेल असे दुखून ताप चढतो, अंग मोडून येते, काहींना हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते, आणि काही रुग्णांत ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी तो मेंदूच्या विकारासह उलटतो. पिकाचा सगळा पैसा ज्या चार महिन्यांत हाती येतो, त्याच चार महिन्यांत बागेत जाऊ नका असे त्या माणसांना सांगणे हा उपाय होऊ शकत नाही, हे आरोग्ययंत्रणेने ओळखून अंगाला लावायचे कीटकरोधक तेल वाटले आणि मृत माकड आढळल्यास हात न लावता कळवण्याचे आवाहन गावोगाव केले.

या रोगावर नेमके औषध अद्याप नाही. कर्नाटकात १९९० पासून वापरात असलेली आणि पुढे गोवा व सिंधुदुर्गातही दिली गेलेली लस परिणामकारक राहिलेली नाही असे आढळल्याने २०२२ मध्ये थांबवण्यात आली. तेव्हापासून दोडामार्गच्या बागांतून काम करणाऱ्यांच्या हाती तेलाची बाटली, अंगभर कपडे, घरी आल्यावर गरम पाण्याची अंघोळ आणि रानात कुठे माकड पडल्याची वेळेवर कळणारी बातमी एवढीच साधने उरली आहेत; यातल्या शेवटच्या साधनाचे मोल कमी लेखू नये, क्यासनूरपासून या रोगाचे अनेक नवे मुक्काम त्याच बातमीने उघड केले आहेत.