बार्बेक्यू सॉस आणि ताटाची डावी बाजू

"डॉक्टर, घरी केलेला सॉस शुगरला चालतो ना?" हिवाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. आपल्या वऱ्हाडात तेव्हा शेतात आगटी पेटते, हुरडा भाजतात, तुराट्यांवर भरताची वांगी आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे होतात. आता तिथेच शेगडीवर पनीर, चिकन आणि सोबत बार्बेक्यू सॉसची बाटली दिसते. उत्तर देण्याआधी थोडा इतिहास पाहू.

'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आला. ते लाकडी चौकटीवर मांस भाजत. पुढे अमेरिकेत त्याला व्हिनेगर, टोमॅटो आणि काकवीसारख्या मोलॅसिसची जोड मिळाली. १८७६ साली हाइन्झ कंपनीने टोमॅटो केचप बाजारात आणले आणि आंबट-गोड चव बाटलीत स्थिरावली.

आपल्याकडे ही चव फार जुनी आहे. चिंचेचे झाड मूळचे आफ्रिकेतले, पण इथे इतके रुळले की अरबांनी तिला 'तमर-हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, म्हटले. इंग्लंडमध्ये १८३७ पासून विकल्या जाणाऱ्या वूस्टरशायर सॉसमध्येही चिंच असते. मिरची आणि टोमॅटो मात्र अमेरिका खंडातून युरोपीय लोकांमार्फत आले. चिंच-गूळ, कवठाची चटणी, मेथांबा हे सगळे आपले सॉसच!

फरक आहे तो प्रमाणाचा. आपल्या ताटात चटणी, लोणचे डाव्या बाजूला, बोटाने चाटण्यापुरते. बाटलीने हे माप मोडले. बाजारातल्या बार्बेक्यू सॉसच्या २ मोठ्या चमच्यांत बहुधा १० ग्रॅमहून जास्त साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात वरून घातलेली साखर साधारण २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम, आणि मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर पहिली असेल तर समजून घ्या.

घरी करायचा असेल तर २ टोमॅटो उकडून गाळा. त्यात लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, ३० ग्रॅम गूळ, अर्धा चमचा मीठ, लाल तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ठेचलेला लसूण घालून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत शिजवा. साधारण १२ मोठे चमचे होतो, म्हणजे चमच्याला अडीच ग्रॅम गूळ. स्टीलचेच भांडे घ्या. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट शिजवले तर तांबे अन्नात उतरते. हीच गोष्ट ओळखून आपल्या आज्या कल्हईवाल्याची वाट पाहत. सॉस फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

आता उत्तर: चालतो, पण १ चमचा. गुळानेही रक्तातली साखर वाढते, 'घरचा' म्हणून ती सूट देत नाही. मूत्रपिंडाचा आजार असून पोटॅशियम वाढलेले असेल, तर टोमॅटो आणि चिंच घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी सॉस डाव्या बाजूलाच वाढून घ्यावा.