कळांची सूट

मंडळी, "पुरुषांना बाळंत व्हावं लागलं असतं तर?" या विनोदावर आपण नेहमी हसतो. पण आपल्या जुन्या कथांमध्ये हे होऊन गेलंय बरं का!

महाभारताच्या वनपर्वात युवनाश्व राजाची कथा आहे. रात्री तहानेने व्याकूळ झालेला राजा, पुत्रप्राप्तीसाठी मंतरून ठेवलेलं पाणी स्वतःच पिऊन बसला. त्यालाच दिवस गेले! पुढे त्याची डावी कूस फुटून मांधाता जन्मला. बाळाला पाजणार कोण? तर इंद्राने बोट चोखायला दिलं. आणि गंमत म्हणजे, ऋषींनी राजाला आधीच सांगितलं होतं की तुला कळा सोसाव्या लागणार नाहीत. पुरुषावर वेळ आली की लगेच सूट!

दुसरी कथा चौदाव्या शतकातल्या संत चोखोबांची. सोयराबाईचे दिवस भरले, तेव्हा चोखोबा बहिणीकडे, निर्मळेकडे निघून गेले. मग विठ्ठलच निर्मळेच्या रूपात आला आणि त्याने वहिनीचं बाळंतपण केलं, असं सांगतात. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईसोबत दळायला बसणारा देव तो हाच.

मला ही कथा फार आवडते, पण एक गोष्ट खटकते. बाळंतिणीच्या खोलीत देव आला तोही नणंद होऊन. नवरा गावाबाहेरच! माझ्या वेळीही आई आणि सुईण होत्या. बाप उगवायचे ते थेट बारशाला.

केंद्र सरकारने १९९७ मध्ये आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा दिली. देवाला लुगडं नेसावं लागलं. आताच्या बापाने पँट-शर्टातच यावं, आणि रात्री बाळ रडलं की आधी उठावं.