पुढच्या चाकांची गोष्ट

मिनेसोटात आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात आमची गाडी ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फात रुतली. मी फावडं घेऊन तासभर झटापट केली, गाडी ढिम्म. शेवटी समोरचे आजोबा (आमची मुलगी त्यांना आजोबाच म्हणते) आपला जुना शेव्हरले पिकअप घेऊन आले, साखळी लावली आणि दोन मिनिटांत गाडी बाहेर! ट्रक १९५५ सालचा. आत पाहतो तर गिअरशिवाय आणखी एक दांडा. ते म्हणाले, "हा विकत घेतला तेव्हा मागच्याच दोन चाकांवर चालायचा. वडिलांनी पुढची चाकं नंतर जोडून घेतली. सामान इथलंच, मिनिॲपोलिसचं."

चालत्या ट्रकला नंतर फोर-व्हील ड्राइव्ह जोडता येतो हे मला नवीन होतं. मग काय, वाचत सुटलो.

याची सुरुवात इंडियानापोलिसला झाली. तिथल्या मार्मन घराण्याच्या मोटारीने १९११ मध्ये पहिली 'इंडी ५००' शर्यत जिंकली होती. मंदीत मोटारींचा धंदा बसत चालला, तेव्हा वॉल्टर मार्मन आणि आर्थर हेरिंग्टन यांनी १९३१ मध्ये मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी काढली आणि १९३५ पासून फोर्डच्या साध्या ट्रकांना चारचाकी जोर देऊ लागले. गंमत म्हणजे हेच हेरिंग्टन १९४२ मध्ये युद्धोत्पादन वाढवण्यासाठी हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन तांत्रिक मंडळाचे, म्हणजे ग्रेडी मिशनचे, सदस्य होते!

आमच्या गावची कंपनी नॅपको. पूर्ण नाव नॉर्थवेस्टर्न ऑटो पार्ट्स कंपनी. १९५० च्या दशकात तिने शेव्हरले आणि जीएमसी ट्रकांसाठी 'पॉवर-पॅक' नावाचा संच विकायला काढला.

यातली कारागिरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. साध्या पिकअपमध्ये इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब शाफ्टने मागच्या ॲक्सलला जाते. नॅपकोने गिअरबॉक्सच्या मागे, चासीला टांगलेली वेगळी ट्रान्सफर केस बसवली. तिथून एक शाफ्ट मागे, एक पुढे. पुढचा नुसता वजन पेलणारा ॲक्सल काढून डिफरन्शियल असलेला घातला. त्याच्या टोकांना असे सांधे, की चाक वळतंही आणि फिरतंही. पण खरी मेख गिअरच्या दातांत. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर जुळलं नाही तर दोन्ही जोड्या एकमेकींशी भांडतात, टायर घासतात, दाते तुटतात. नॅपकोने पुढच्या ॲक्सलमध्ये शेव्हरलेच्या मागच्या ॲक्सलचेच गिअर वापरले. म्हणजे गुणोत्तर आपोआप जुळलं, आणि सुटे भाग गावातल्या डीलरकडेही मिळणार. याला म्हणतात डोकं!

(कोरड्या रस्त्यावर मात्र तो दुसरा दांडा ओढायचा नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि दोन्ही ॲक्सल एकमेकांना घट्ट बांधलेले. बर्फात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं, डांबरावर नाही.)

हे स्वस्त नव्हतं. संच हजार डॉलरच्या आसपास, आणि मूळ पिकअपच दोन हजारांच्या आतला. तरी शेतकरी, जंगलखात्याची माणसं, विजेच्या तारा ओढणारे तो घेत. जनरल मोटर्सला एवढ्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी स्वतः खटाटोप नको असावा. तिने नॅपकोचाच संच कारखान्यातून द्यायला सुरुवात केली, १९५६ मध्ये जीएमसीवर आणि १९५७ मध्ये शेव्हरलेवर.

मला वाटलं, चला, नॅपकोचं भलं झालं. पण १९५९ मध्ये फोर्डने स्वतःचा फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप आणला. १९६० च्या नव्या ट्रकांत जनरल मोटर्सनेही घरचाच बसवला. पिकअपच्या बाजारातलं नॅपकोचं काम तिथे संपलं.

हे वाचताना पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू? एका मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये जे नाही ते वरून जोडून द्यायचं, हाच माझा धंदा. दोन वर्षं खपून केलेलं एक मॉड्यूल पुढच्या आवृत्तीत फुकट आलं, तेव्हा आमच्या टीममधले चौघं घरी बसले. मी थोडक्यात वाचलो.

आजोबांना मी नॅपकोचं पुढे काय झालं ते सांगितलं. त्यांनी खांदे उडवले आणि बॉनेट उघडलं. येत्या शनिवारी पुढच्या ॲक्सलचं तेल बदलायचंय, मला हाताशी बोलावलंय.