नोंदवहीतील आई

कामगार संघटनेच्या कामामुळे आम्हांस हजेरीपट वाचण्याची सवय जडली आहे. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याने कितीही घाम गाळला तरी हिशेबात तो नसतोच. अँग्लो-इंडियन घराण्यांचा इतिहास शोधतानाही हाच अनुभव येतो.

कामठीची छावणी वसली १८२१ साली. नागपुरास रेल्वे आली १८६७ साली. शिपाई, गार्ड, ड्रायव्हर, तारमास्तर यांच्या संसारांतून येथील हा समाज वाढला. आज त्यांचे वंशज मूळ शोधू लागले की प्रथम चर्चच्या वह्या उघडतात. विवाहाच्या नोंदीत वधूवरांच्या बापांची नावे मिळतात. तो धागा धरून बापाच्या बाप्तिस्म्याची नोंद, तिच्यावरून आजा. या नोंदींच्या नकला इलाख्याच्या ठिकाणी व तेथून लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कामठीत मद्रासच्या पलटणी असत, म्हणून तेथील जुन्या नोंदी मद्रासच्या बाडांत पाहाव्या लागतात. येथील वहीला वाळवी लागली तरी माग तुटत नाही.

पण माग कोणाचा? बापाचे आडनाव, हुद्दा, पलटण सारे सापडते. जुन्या नोंदींत आई मात्र पुष्कळदा नुसती ‘नेटिव्ह स्त्री’ असते, किंवा बाप्तिस्म्यात मिळालेले एकच नाव. गाव नाही, माहेर नाही. राज्यघटनेच्या ३६६व्या कलमातील व्याख्याही पुरुषाच्याच वंशाने चालते.

आणि हक्क नाकारताना? १७९१ साली कंपनीने आईबापांपैकी एक हिंदी असलेल्यांस आपल्या नोकरीची दारे बंद केली. म्हणूनच रजपूत आईचा मुलगा जेम्स स्किनर शिंद्यांच्या फौजेत आला. म्हणजे दार लावताना आई मोजली, वही लिहिताना वगळली!

घटनेने रेल्वे, तार, कस्टम्स या खात्यांत दिलेली राखीव नोकऱ्यांची सवलत १९६० साली संपली; लोकसभेतील दोन नियुक्त जागाही २०२० साली गेल्या. आता बापाच्या आडनावावर काही मिळावयाचे नाही. मग आईचे नाव झाकण्याचेही कारण उरले नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की घरातील म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारा: पणजी कोणती भाषा बोलत असे, सणाला काय रांधत असे, कोणत्या गावचे नाव काढीत असे. बापाचा पत्ता लंडनच्या वहीत लागेल. आईचा पत्ता कदाचित कामठी रस्त्यावरच लागेल.