वऱ्हाडातील घराची तार

खामगावच्या एका जुन्या वाड्यात ओसरीच्या तुळईखालून सागवानाची अरुंद पट्टी गेलेली आहे. तिच्यावर दर चार इंचांस एक क्लिप, त्या क्लिपांनी आवळलेली रबरी वेष्टनाची काळी तार, आणि तार जेथे थांबते तेथे लाकडी गोल ठोकळ्यावर बॅकेलाइटचे बटण. पांढऱ्या मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, म्हणून आधी लाकडी गिट्टी ठोकावयाची व मग पट्टी बसवावयाची, हा वायरमनचा रिवाज. परंतु पट्टीवर कोणती तार चढावी, हे सर्वस्वी त्याच्या किंवा घरमालकाच्या मर्जीवर नव्हते.

खामगावचा बुलढाणा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला तो 1956 साली, आणि भारतीय विद्युत नियमही त्याच वर्षीचे. त्यांतील 45 व्या नियमान्वये घरातील काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हावयाचे. 48 व्या नियमान्वये चाचणी घेऊन वेष्टनातून विजेची घातक गळती होत नाही, याची खातरजमा झाल्यावाचून वीज जोडावयाची नाही. 1960 च्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, तरी चाचणीच्या या दाखल्याचा, म्हणजे टेस्ट रिपोर्टचा, दंडक कायम राहिला. ज्या घरांत माडीवर सरकी, परसात कडबा आणि माथ्यावर लाकडी माळवद, तेथे हा दाखला जाच नव्हे, गृहरक्षणच होते, असे मला मनापासून वाटते.

रबराची कथा तर विशेष मननीय आहे. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक घालीत, आणि ते गंधक तांब्यास खात असे. म्हणून आतल्या तांब्याला आपल्या पातेल्यांप्रमाणेच कल्हई करावी लागे. एवढी तजवीज करूनही वैशाखाच्या उन्हाने ते वेष्टन वाळे, वळणावर तडकत जाई, आणि दिव्याच्या होल्डरपाशी तर सर्वांत आधी. उन्हाने रबरासारखी लवकर न तडकणारी पीव्हीसीची तार म्हणूनच या मुलखात स्वीकारार्ह ठरली. मध्यंतरी तांबे दुर्मीळ झाल्याने अॅल्युमिनियमही घरांत आले. मात्र ते स्क्रूखाली दबून सैल पडते, सांधा तापतो, आणि या तापलेल्या सांध्यांनीच लोकांना तांब्याकडे परत आणले. आय.एस. 694 हे पीव्हीसी तारांचे भारतीय मानक. 2003 च्या केंद्रीय आदेशाने अशा तारांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे केले. जाडी आता चौरस मिलिमीटरमध्ये छापतात, पण दुकानात जुना वायरमन अजून ‘तीन-बावीस’च मागतो, म्हणजे बावीस गेजचे तीन धागे.

त्या वाड्यातील तार गेल्या उन्हाळ्यात उतरविली, तेव्हा मी तेथे होतो. वळणावरचे रबर चिमटीत धरताच भुगा होऊन गळाले. आतील तांब्यावरची कल्हई मात्र तशीच पांढरी होती. तारेचा तो तुकडा वायरमनने घरच्या आजींच्या हाती दिला, आणि सागवानी पट्टी त्यांनी काढू दिली नाही.