कवचकुंडले

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात एक लहानसे युद्ध पेटले. निमित्त झाले कानांवर घालायच्या एका यंत्राचे. माझी लेक पुण्याच्या एका कंपनीचे काम घरी बसून करते. दिवसातले चार-पाच तास ती फोनवर बोलत असते आणि उरलेला वेळ काम करता करता गाणे ऐकते. आमचे घर एस.टी. स्टँडच्या रस्त्यावर. समोर पिठाची गिरणी, खाली सायकलचे दुकान, आणि आत सौ.चा कुकर. "बाबा, मला बिनतारी हेडफोन घ्यायचेत. बाहेरचा गोंगाट मारणारे, चांगल्यापैकी," लेक म्हणाली. किंमत विचारली, तर म्हणाली, "तीस हजारांच्या आसपास. माझ्याच पैशांचे घेणार आहे."

सौ.च्या हातातली पळी आमटीत पडली. माझी आई मात्र पैशांबद्दल एक अक्षर बोलली नाही. ती एवढेच म्हणाली, "कानांत बोळे घालूनच राहायचं, तर घरात माणसं कशाला हवीत?"

निवाडा अर्थातच माझ्याकडे आला. मी शाळेत मुलांना इतिहास शिकवतो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, विजेच्या शास्त्रातली माझी गती दिव्याचे बटण दाबण्यापुरती. पण कोणतीही वस्तू घरात आणण्यापूर्वी तिचे कुळ पाहावे, ही खोड मला इतिहासाने लावली आहे. म्हणून मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि या यंत्राचे पूर्वज शोधीत बसलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. दिवाळीच्या खरेदीत कोणाला त्याचा उपयोग झाला, तर आनंदच आहे.

गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये, 1881 साली. तेथे विजेचे मोठे प्रदर्शन भरले होते. क्लेमाँ आदेर नावाच्या इंजिनियराने तिथल्या संगीत-नाटकगृहाच्या रंगमंचाकडेला आवाज टिपणारी यंत्रे ओळीने मांडली आणि त्यांच्या तारा प्रदर्शनापर्यंत नेल्या. लोक रांग लावून उभे राहत आणि दोन कानांना दोन टेलिफोन लावून दूरचे गाणे ऐकत. डाव्या आणि उजव्या कानाची तार वेगवेगळ्या यंत्राची असल्याने गायक रंगमंचावर इकडून तिकडे गेला, तरी ऐकणाऱ्याला ते उमजे. वृद्ध व्हिक्टर ह्यूगोनेही हा चमत्कार अनुभवला. पुढे 1890 पासून पॅरिसला आणि 1895 पासून लंडनला घरबसल्या नाटके ऐकवण्याचा रीतसर धंदाच सुरू झाला. पण त्या काळी ते टेलिफोन हाताने कानांशी धरावे लागत. दोन्ही हात त्यातच गुंतत.

हात मोकळे केले ते अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या एका भाविक गृहस्थाने. नॅथॅनिएल बाल्डविन हे त्याचे नाव. प्रार्थनामंदिरातले प्रवचन आपल्याला नीट ऐकू येत नाही, या तळमळीतून तो आवाज मोठा करणाऱ्या यंत्रांच्या नादी लागला. 1910 साली त्याने दोन कर्णयंत्रे एका पट्टीला जोडून अमेरिकन आरमाराकडे पाठवली. आरमाराला ती पसंत पडली आणि त्यांनी शंभर जोड्या मागवल्या. पण बाल्डविनचा कारखाना म्हणजे त्याच्या घरचे स्वयंपाकघर! तो म्हणाला, एका वेळी दहाच देईन. ज्या यंत्राने आमच्या स्वयंपाकघरात भांडण लावले, त्याचा जन्म स्वयंपाकघरातच झाला होता, हे वाचून सौ.ला जरा समाधान वाटले.

आपल्याकडे हे यंत्र आले ते रेडिओच्या पाठोपाठ. 23 जुलै 1927 रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले, तेव्हा पुष्कळांचा रेडिओ म्हणजे स्फटिकाचा एक खडा, थोडी तार आणि कानांवरचे हेडफोन. त्याला वीज लागत नसे, पण एका वेळी एकालाच ऐकू येई. अशा वेळी हेडफोन रिकाम्या भांड्यात ठेवायची एक युक्ती असे. भांडे घुमे आणि भोवती बसलेल्या सगळ्यांना गाणे मिळे. एकट्याचे ऐकणे चौघांचे करण्याची ही धडपड मला फार बोलकी वाटली.

नुसते गाणे ऐकण्यासाठी हेडफोन विकत घ्यावा ही कल्पना मात्र बरीच अलीकडची. मिलवॉकी शहरातला जॉन कॉस हा जाझ संगीताचा वेडा. लग्नात कोच घेण्यासाठी मिळालेल्या पैशांतून त्याने दूरदर्शन संच घेतले आणि इस्पितळातल्या रोग्यांना भाड्याने देऊन धंद्याला आरंभ केला. 1958 साली त्याने दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज देणारे हेडफोन बाजारात आणले. तेव्हापासून सैनिकाची आणि टेलिफोनवाल्याची ही वस्तू रसिकाची झाली.

मग आला 1979 चा जुलै. जपानच्या सोनी कंपनीने खिशात मावणारा वॉकमन विकायला काढला. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायचे होते, त्यातून तो निघाला. पण मला त्यात रस वाटला तो निराळ्याच कारणाने. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांना वाटले की, माणसाने एकट्यानेच गाणे ऐकत बसणे हा सोबत्याचा अपमान आहे. म्हणून त्या पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावायची सोय ठेवली होती आणि एक नारिंगी बटणही. ते दाबले की गाणे मंद होई आणि दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येई. पुढे लौकरच ते बटण गेले. लोकांना ते नको होते.

येथे मला इतिहास सोडून घरात यावे लागते. 1993 च्या आषाढातली गोष्ट. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. मुंबईहून आलेल्या मामेभावाने तसलेच एक यंत्र आठ दिवसांसाठी माझ्या हवाली केले होते. दुपारी माळ्यावर पडून मी भीमसेन जोशींचे अभंग ऐकत होतो. आई माहेरी गेलेली, दाराला आतून कडी. बाहेर धो धो पाऊस. कॅसेट संपली, मी हेडफोन उतरवले, तेव्हा कडी वाजत होती. दार उघडले, तर अण्णा उंबऱ्याबाहेर नखशिखांत भिजून उभे. पाऊण तास ते हाका मारीत होते. मला वाटले, आता थोबाडीत बसणार. पण त्यांनी टॉवेल मागितला आणि डोके पुसता पुसता म्हणाले, "ऐकू आलं नसेल तुला." एवढेच. अण्णांना जाऊन आता वीस वर्षे झाली. त्यांच्या पुष्कळ गोष्टी मी विसरलो, पण ते वाक्य विसरलो नाही. लेकीच्या मागणीला मी चटकन 'हो' म्हटले नाही, त्याचे खरे कारण तीस हजार रुपये नव्हते.

आणि हे नवे यंत्र तर त्याही पुढचे. ते केवळ कान झाकत नाही, बाहेरचा आवाज मारते. त्याची कल्पना पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाची. 1933 च्या जानेवारीत, हिटलर सत्तेवर आला त्याच महिन्यात, त्याने तिच्या पेटंटासाठी अर्ज केला. आवाज म्हणजे हवेतल्या लाटा. एका लाटेचा उंचवटा जेथे येतो, तेथे नेमका दुसऱ्या लाटेचा खळगा आणून ठेवला, तर दोन्ही मिळून सपाटी होते. म्हणजे आवाजावर उलटा आवाज सोडायचा की शांतता! युक्ती सोपी, पण त्या काळच्या बोजड यंत्रांना ती साधेना. 1950 च्या दशकात लॉरेन्स फोगेल यांनी वैमानिकांसाठी तिच्यावर खटपट केली. घरच्या कानापर्यंत मात्र ती पोहोचवली अमर बोस यांनी.

या बोसांचे वडील नोनी गोपाल बोस हे बंगालचे क्रांतिकारक. इंग्रजांच्या हातून निसटून ते अमेरिकेला पोचले. युद्धाच्या दिवसांत वडिलांचा व्यापार बसला, तेव्हा शाळकरी अमर रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावी. पुढे तो एम.आय.टी.त प्राध्यापक झाला आणि 1964 साली त्याने स्वतःची कंपनी काढली. 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला येताना त्यांनी विमानातले हेडफोन लावले, तर इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडून गेले. विमान उतरेपर्यंत त्यांनी उपायाचे गणित कागदावर मांडले होते. 1986 साली रुटान आणि येगर या जोडीने व्हॉयेजर विमानातून वाटेत इंधन न घेता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा कान शाबूत राहावेत म्हणून त्यांच्याजवळ बोस यांचे नमुना-हेडफोन होते. 1989 मध्ये ते वैमानिकांसाठी विक्रीला आले, आणि 2000 साली तुमच्याआमच्यासाठी.

राहता राहिली तार. 1994 च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत ती काढून टाकण्याचे काम सुरू झाले. त्या बिनतारी पद्धतीला ब्लूटूथ हे नाव पडले ते दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजावरून. त्याने विखुरलेले डेन लोक एक केले, तशी ही पद्धत निरनिराळ्या यंत्रांना एक करील, ही त्यामागची कल्पना. यंत्रावरची ती निळी खूण म्हणजे त्या राजाच्या नावाची प्राचीन लिपीतली आद्याक्षरे आहेत. वर्गात हे सांगितल्यापासून मुले मला भलतीच मान देऊ लागली आहेत.

एवढी शिदोरी घेऊन मी लेकीबरोबर दुकानात गेलो. विक्रेता गाणे लावून यंत्र माझ्या कानांवर चढवू लागला. मी म्हटले, "आधी गाणं बंद करा." कारण ही यंत्रे पंखा, इंजिन, गिरणी यांची एकसुरी घरघर छान गिळतात; कुकरची शिट्टी, पडलेले भांडे, माणसाची हाक यांवर त्यांचा तेवढा इलाज चालत नाही. तेथे उपयोगी पडते ती कानाभोवतीची गादी. आणि चष्म्याची काडी मध्ये आली की त्या गादीला फट पडते. लेकीला चष्मा आहे. तीन यंत्रांपैकी एक त्यातच बाद झाले.

दुसरी परीक्षा बोलण्याची. आपल्याला शांतता मिळाली म्हणजे पलीकडच्याला मिळाली असे नव्हे. आपल्या भोवतीचा गोंगाट त्याच्या कानात जाऊ नये, यासाठी यंत्रात आपला आवाज निवडून घेणारे वेगळे मायक्रोफोन असावे लागतात. म्हणून लेक दुकानाबाहेर रस्त्यावर उभी राहिली आणि तेथून प्रत्येक यंत्रावरून माझ्याशी फोनवर बोलली. एकात तिच्या आवाजापेक्षा रिक्षाच ठसठशीत ऐकू आली. तेही बाद. शिवाय बिनतारी यंत्रावर बोलणे सुरू झाले की गाण्याचा कस बहुधा उतरतो, कारण जाण्यायेण्याची वाट एकच. तेव्हा संगीताची पारख आणि बोलण्याची पारख निरनिराळी करावी. एक गुणही सांगतो. बाहेर शांतता असली की गाणे हळू लावून भागते. मोठ्या माणसाने ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्यात चाळीस तासांहून अधिक ऐकू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

तिसरी परीक्षा माझी स्वतःची. मी उरलेले यंत्र कानांवर घातले आणि लेकीला म्हटले, "मागे जा आणि मला हाक मार." मी आरशात पाहत होतो. तिचे ओठ हलले. ऐकू आले नाही. त्या क्षणी मला तो आषाढातला उंबरा दिसला, आणि या वेळी मी उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभा होतो.

"याला बाहेरचं ऐकायची काही सोय आहे का?" मी विचारले. विक्रेता म्हणाला, "आहे ना! उजव्या कानावर तळहात ठेवा." मी ठेवला. गाणे एकदम खाली गेले आणि मागून स्पष्ट आवाज आला, "बाबा, ऐकू येतंय का?" लोकांनी नाकारलेले मोरितांचे नारिंगी बटण चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी असे परत आले होते. कर्णाची कवचकुंडले जन्मजात होती, तरी दाराशी याचक आला तेव्हा त्याने ती उतरवून दिली. आमची तर नुसती विकतची आहेत. आम्ही तेच यंत्र घेतले.

परवा घरी चकल्या तळल्या. लेक आपल्या कोपऱ्यात गाणे ऐकत काम करीत होती. आई बशी घेऊन तिच्या मागे गेली. हाक मारायच्या फंदात ती पडलीच नाही. तिने आपला सुरकुतलेला तळहात नातीच्या उजव्या कानावर अलगद ठेवला आणि म्हणाली, "गरम आहे तोवर खा."

लेकीने मागे न वळताच उत्तर दिले, "ऐकलं, आजी."